चेहऱ्याआधी हात दिसू देत

नोकरीच्या जाहिरातींत अलीकडे एक ओळ वारंवार दिसते : ‘अर्जासोबत स्वतःची ओळख करून देणारा ६० ते ९० सेकंदांचा व्हिडिओ पाठवावा.’ विक्री, कॉल सेंटर, निवेदन अशा बोलण्याच्या कामांसाठी ही मागणी असती, तर तक्रारीला जागा नव्हती. पण आता ती अकाउंट्स असिस्टंटसाठी येते, डेटा एंट्रीसाठी येते, क्वालिटी इन्स्पेक्टरसाठीही येते. दिवसभर हातात व्हर्नियर घेऊन पार्ट तपासणाऱ्या मुलाने कॅमेऱ्याकडे बघत, हसतमुखाने, इंग्रजीत दीड मिनिट बोलायचं आणि तो पार्ट नीट तपासेल की नाही, हे त्यावरून कुणीतरी ठरवायचं!

व्हिडिओ रेझ्युमे हा प्रकारच वाईट, असं मी म्हणत नाही. उलट नीट केला तर गरीब घरच्या, साध्या कॉलेजच्या मुलामुलींना त्याचा जितका उपयोग आहे तितका दुसऱ्या कशाचाच नसेल. माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या चाळणीला कंपनीने उमेदवाराचा चेहरा मागू नये. व्हिडिओ हवाच असेल तर कामाचा मागावा. आणि उमेदवारानेही, कुणी मागो न मागो, करायचा तर तसाच करावा.

चेहरा मागितल्याने काय बिघडतं? नुसत्या नावाने किती बिघडतं ते आधी बघू. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. थोरात अमरावती जिल्ह्यातले आणि त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक फक्त नावाचा. एक नाव सवर्ण हिंदू वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. पुढच्या टप्प्याचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाच्या अर्जाला सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. या नोकऱ्या पदवीधरांच्या होत्या, आणि अर्ज वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण भेदभाव करतोय असं वाटलंही नसेल.

व्हिडिओत नाव तर असतंच. शिवाय कातडीचा रंग येतो, कपाळावरची टिकली किंवा डोक्यावरचा स्कार्फ येतो, वजन येतं, दात येतात. मागची पोपडे आलेली भिंत येते आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही. बोलणं आलं की ‘आणि’चं ‘आनि’ होतं, आणि मराठी मध्यमवर्गाचे कान त्या एका अक्षरावर कसे टवकारतात हे आपल्याला सांगायला नको. ज्याला ऐकू येत नाही किंवा जो अडखळत बोलतो त्याचं काय, हा प्रश्न तर जाहिरात लिहिणाऱ्याच्या मनातही आलेला नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक आस्थापनेला, म्हणजे खासगीलाही, समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं आहे. ते धोरण संकेतस्थळावर आणि व्हिडिओची अट जाहिरातीत, असं सुखाने शेजारी शेजारी नांदतं.

अमेरिकेत समान रोजगार संधी आयोग मालकांना सांगतो, की उमेदवाराचा फोटो मागू नका. ओळख पटवायला लागलाच तर नोकरी देऊ केल्यावर आणि उमेदवाराने ती स्वीकारल्यावर घ्या. आपल्याकडे बायोडेटाच्या उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट साइज फोटो डकवायची सवय इतकी जुनी आहे, की फोटोच्या जागी व्हिडिओ आला तरी कुणाला काही खटकलं नाही. पाहुण्यांसमोर पोहे घेऊन जाणाऱ्या मुलीला जे विचारलं जायचं, त्यातलं बरंचसं आता एचआरला न विचारता कळतं.

गंमत म्हणजे आपलं सरकार नेमकं उलट्या दिशेने गेलं. केंद्र सरकारच्या गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. या पदांना लेखी आणि कौशल्य चाचणी पुरे, मुलाखत म्हणजे वशिल्याला आणि पैशाला मोकळी वाट, हा वर्षानुवर्षांचा अनुभव त्यामागे होता. महाराष्ट्रात शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरही मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन मार्ग आहेत, आणि संस्थाचालकांच्या मुलाखतीबद्दल उमेदवार काय बोलतात ते कुठल्याही अभ्यासिकेत ऐकायला मिळेल. समोरासमोरच्या मुलाखतीत निदान उमेदवारालाही दोन प्रश्न विचारता येतात. व्हिडिओ म्हणजे एकतर्फी मुलाखत. समोर कोण बसलंय, ते कधी बघणार, बघणार तरी का, यातलं काहीच त्याला कळत नाही.

कंपन्यांची अडचण मला कळते. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. त्यात आता एआय आल्यापासून सगळ्यांची इंग्रजी एकसारखी झुळझुळीत झाली आहे. अर्ज वाचून माणसाचा काही पत्ताच लागत नाही. मग निदान तोंड तरी बघू, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. पण साधा हिशेब करा. ३०० अर्ज, प्रत्येकी ९० सेकंद : साडेसात तास. एका जागेसाठी पूर्ण दिवस खुर्चीत बसून व्हिडिओ बघणारा एचआर मला तरी भेटलेला नाही. पहिले आठ-दहा सेकंद बघून पुढचा. म्हणजे ज्या मजकुरासाठी व्हिडिओ मागवला तो ऐकलाच जात नाही. बघितली जाते ती शर्टाची कॉलर.

नाहीतर मग बघायचं काम यंत्राकडे जातं, आणि तिथे आणखी वेगळाच घोळ आहे. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू या कंपनीचं सॉफ्टवेअर उमेदवाराच्या चेहऱ्यावरच्या हालचालींचंही विश्लेषण करायचं. बरीच टीका झाल्यावर तो भाग काढून टाकल्याचं कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. त्याच सुमाराला जर्मनीत बव्हेरियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी अशाच दुसऱ्या एका प्रणालीची परीक्षा घेतली. बोलणारी व्यक्ती तीच आणि बोलणंही तेच. चष्मा घातला, डोक्याला स्कार्फ बांधला, की स्वभावाचे गुण बदलायचे. मागे पुस्तकांचं कपाट दिसलं तरी गुण बदलायचे! अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २०२० पासून कायदा आहे : एआयकडून व्हिडिओ तपासणार असाल तर उमेदवाराला आधी सांगा, त्याची संमती घ्या आणि त्याने म्हटलं तर ३० दिवसांत व्हिडिओ पुसून टाका. युरोपीय संघाने तर कामाच्या ठिकाणी यंत्राने माणसाच्या भावना ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून जवळपास पूर्ण बंदीच घातली. आपल्याकडे व्हिडिओ तपासणीसाठी असा वेगळा कायदा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण ‘माझा व्हिडिओ पुसा’ असं कंपनीला लिहिण्याची हिंमत नोकरी शोधणाऱ्या मुलात कुठून येणार?

आता दुसरी बाजू. आणि ही बाजू खरोखरच वजनदार आहे. कागद तरी कुठे निष्पक्ष असतो? डिप्लोमाला ५५ टक्के, कॉलेज तालुक्याचं, इंग्रजी बेताचं. हा मुलगा कागदावरच बाद होतो. त्याच्या हातात जे आहे ते रेझ्युमेच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. ‘स्किल्स’खाली तो लिहितो ‘सीएनसी, मायक्रोमीटर, ऑटोकॅड’, आणि तेच शेजारचाही लिहितो, ज्याने मायक्रोमीटर फक्त लॅबच्या कपाटात बघितलेला आहे. या दोघांतला फरक दाखवायला व्हिडिओसारखं साधन नाही. मात्र सध्या जो व्हिडिओ मागितला जातो त्यात हा फरक दिसायची सोयच नाही.

माझ्या ओळखीच्या एका कॉलेजात प्लेसमेंटच्या मोसमात टीपीओच्या, म्हणजे नोकऱ्या मिळवून देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, केबिनमध्ये शूटिंग चालतं, कारण पांढरी भिंत आणि एसी तिथेच. निळा ब्लेझर एकच. तो एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. कुणाला खांद्यात घट्ट, कुणाच्या बाह्या बोटांपर्यंत. मोबाइलच्या मागे मित्र कागद धरून उभा. ‘आय अ‍ॅम अ क्विक लर्नर. माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क अँड पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड.’ मेकॅनिकलची मुलं हेच म्हणतात, कॉम्प्युटरच्या मुलीही हेच म्हणतात. डोळे कागदावर डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात. यातली निम्मी मुलं वर्कशॉपमध्ये काय बहार आणतात ते मी बघितलंय, म्हणून त्या व्हिडिओंची जास्तच चीड येते.

याच मुलाने काय करायला हवं? एखाद्या टर्नरचं (लेथवर धातू कातणाऱ्याचं) किंवा सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशिनच्या, ऑपरेटरचं उदाहरण घेऊ, कारण चाकण, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत गेलात तरी ही माणसं हवी असतात. व्हिडिओ दोन मिनिटांचा. सुरुवात नावाने करूच नका; नाव फाइलवर आणि अर्जावर असतंच. पहिल्या पाच सेकंदांत टेबलावर ठेवलेलं ड्रॉइंग आणि त्याच्या बाजूला कच्चा बार. आवाज तुमचा : ‘माइल्ड स्टील, २५ मिलिमीटरचा बार आहे, २० व्यासाची स्टेप काढायचीय.’ मग टूल, चकमध्ये (बार पकडून फिरवणाऱ्या भागात) बार कसा धरला ते, बाहेर किती ठेवला ते. कटिंग सुरू झालं की दार बंद आणि कूलंट सुरू, काही दिसत नाही; तेवढा भाग काढून टाका. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, पुसला, मायक्रोमीटर हातात घेतला, आणि मापण्याआधी त्याचा शून्य तपासला. या एका कृतीसाठी मी उमेदवाराला पुढच्या फेरीत बोलावीन. माप आलं २०.०३. कॅमेरा जवळ, आकडा वाचता येतोय. मग मशिनच्या पडद्यावर ऑफसेटच्या, म्हणजे टूलची जागा दुरुस्त करायच्या, पानावर जाऊन उणे ०.०३ टाकलं, फिनिश कट पुन्हा मारला, पुन्हा माप : २०.००. संपलं. शेवटी हवं तर चेहरा दाखवा आणि सांगा, कुठल्या मशिनवर, कुठल्या कंट्रोलरवर किती महिने काम केलंय.

या दोन मिनिटांत सुपरवायझरला जे कळतं ते तीन पानी रेझ्युमेत कळत नाही. उलटही कळतं, बरं का. फिरत्या चकजवळ हातमोजे घालून उभा असलेला उमेदवार दिसला तर त्याला लेथवर काम कुणी शिकवलंच नाही हे उघड आहे. हातमोजा गुंतला की बोटं जातात. लांब बाह्या, गळ्यातली ओढणी किंवा साखळी, डोळ्यांवर गॉगल नाही, हे सगळं दिसतं. वेल्डरने वेल्ड करून झाल्यावर स्लॅग, म्हणजे वर जमलेली खपली, झाडून वेल्डची रेघ जवळून दाखवावी, तीही सोप्या आडव्या पोझिशनची नको, उभ्याची. ठिणग्यांचा व्हिडिओ छान दिसतो, पण तेवढ्याला काही अर्थ नाही.

एक सांभाळायला हवं. चालू नोकरीच्या कारखान्यात हे चित्रण करू नका. बऱ्याच प्लांटमध्ये गेटवरच मोबाइल जमा होतो किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लागतो, आणि ड्रॉइंग ग्राहकाचं असतं. ते बाहेर गेलं तर आहे ती नोकरीही जाईल. शिवाय समोरचा अनुभवी माणूस विचार करेल, की याने तिथलं बाहेर आणलं, उद्या आमचंही आणेल. आयटीआयचं वर्कशॉप, ओळखीच्या माणसाचं छोटं जॉबशॉप, स्वतः काढलेलं साधं ड्रॉइंग, एवढ्यावर भागतं.

टेबलावरच्या कामांचंही हेच. अकाउंट्सच्या मुलीने स्क्रीन रेकॉर्ड करावी : खरेदीचं रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं विवरण) जुळवून बघताना कुठलं बिल सुटलंय, कुठल्या पुरवठादाराने आकडा चुकीचा भरलाय, हे ती कसं शोधते. आकडे अर्थात खोटे, नावं खोटी. शिक्षकाने वर्गाची सजावट दाखवत बसू नये. फळ्यासमोर उभं राहून अपूर्णांकांची बेरीज शिकवावी, मुलं नेमकी जिथे चुकतात त्या जागी थांबून. नर्सिंगच्या मुलीने पुतळ्यावर काम करून दाखवावं. खऱ्या रुग्णाचा हात दिसला तरी माझ्या मते तो अर्ज बाद व्हायला हवा.

तांत्रिक बाबींचा बाऊ करू नये. फोन आडवा धरा, खिडकी तुमच्या पाठीमागे नको, समोर असू द्या, आणि आवाजासाठी इअरफोनचा माइक तोंडाजवळ घ्या. आवाज खराब असेल तर चित्र कितीही सुंदर असलं तरी लोक बंद करतात. पार्श्वसंगीत नको, उडणारी अक्षरं नकोत. खाली मजकुराची पट्टी मात्र द्या, कारण बघणारा बहुधा कार्यालयात आवाज बंद करून बघतो. आणि भाषा? ज्या माणसाच्या हाताखाली काम करायचंय त्याची. चाकणच्या शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदी चालते, तर व्हिडिओ त्यात करा. पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा आपल्या भाषेत सांगितलेलं नेमकं वाक्य ऐकणाऱ्याला जास्त सांगून जातं. जिथे खरोखरच इंग्रजीत काम आहे तिथे इंग्रजीत बोला, पण वाचू नका.

यात प्रत्येक जागेचा मालक थोरातांच्या अभ्यासातल्यापेक्षा वेगळा वागेल, असा माझा भाबडा समज नाही. नाव तरीही राहणारच, आणि पुढच्या मुलाखतीत चेहराही दिसणारच. पण तोवर त्याने २०.०० बघितलेलं असतं. ते बघून मग नाव खटकलं, तर निदान स्वतःशी तरी त्याला कारण द्यावं लागेल. निवडीच्या पद्धतींवर मानसशास्त्रज्ञांनी दशकानुदशकं अभ्यास केलेत. १९९८ च्या एका मोठ्या आढाव्यात कामाचा नमुना बघणं सर्वांत वर होतं. २०२२ च्या फेरमोजणीत ते खाली आलं आणि सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारणारी मुलाखत वर गेली. दोन्ही वेळा मनाला येईल तशा गप्पा मारून घेतलेली मुलाखत या दोहोंच्या खालीच राहिली. ‘स्वतःबद्दल बोला’ हा व्हिडिओ त्या शेवटच्या जातीचा आहे.

आणखी एका गोष्टीकडे कुणी गांभीर्याने बघत नाही. तुमचा हलता चेहरा, तुमचा आवाज, तुमचं नाव या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली फाइल आज साधी नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली; म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या चेहऱ्यावर खातं उघडतं. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला, की चोरलेली ओळख आणि बनावट व्हिडिओ वापरून घरून करायच्या नोकऱ्यांसाठी अर्ज होत आहेत. आणि आपली मुलं ‘वर्क फ्रॉम होम, तीस हजार’ अशा टेलिग्रामवरच्या जाहिरातीला जन्मतारखेसकट स्वतःचा व्हिडिओ आणि सोबत आधारची प्रत बिनदिक्कत पाठवतात. २००६ साली अमेरिकेत एका विद्यार्थ्याने एका बँकेला स्वतःचा व्हिडिओ रेझ्युमे पाठवला होता : वजनं उचलतोय, टेनिस खेळतोय, नाचतोय. तो फुटला आणि जगभर थट्टेचा विषय झाला. त्याने तो पाठवला होता नोकरीसाठी, एका ठिकाणी. हातांचा व्हिडिओ फुटला तर फारतर कुणीतरी माप कसं घ्यायचं ते शिकेल. चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवायचाच असेल तर जन्मतारीख, पत्ता, आधार, पॅन यातलं काही त्यात येऊ देऊ नका. आणि फाइल पाठवण्याऐवजी, नंतर बंद करता येईल अशी लिंक द्या.

कंपन्यांना माझं सांगणं कठीण नाही. ‘स्वतःची ओळख करून द्या’ ही ओळ काढा आणि त्या जागी एक छोटं काम द्या, सगळ्यांना सारखं, आवाज आणि हात पुरेत असं. व्हिडिओ नाही पाठवला तरी अर्ज बघितला जाईल, हे लिहा. किती दिवसांनी पुसणार तेही लिहा. ज्यांना हे जड वाटतं त्यांनी साधी लेखी चाचणी घ्यावी.

पण मला जास्त आशा सरकारी आयटीआयकडून आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थी शेवटी ट्रेडची प्रात्यक्षिक परीक्षा देतोच. मशिन तिथे आहे, ड्रॉइंग तिथे आहे, तपासायला निदेशक उभे आहेत. त्याच धर्तीचा एखादा जॉब सरावाच्या दिवशी करून घ्यावा, त्याचं दोन मिनिटांचं चित्रण करून फाइल मुलाच्या हाती द्यावी आणि त्याची इच्छा असेल तर महास्वयम पोर्टलवर त्याच्या नावासमोर जोडावी. निदेशकांच्या जागा आधीच रिकाम्या, आहेत त्यांच्यावर कामं भरमसाट, त्यात हे आणखी एक, अशी ओरड होईल आणि ती खोटी नसेल. चित्रण मुलंच एकमेकांचं करतील. त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं. निदेशकांनी फक्त बघून सही करावी, की हा जॉब याच मुलाने केला. आज त्या सहीला प्रमाणपत्रापेक्षा जास्त किंमत येईल, कारण सोबत मायक्रोमीटरवरचा आकडा असेल.